उजवा पाय पांढरा

१

फोटोबाईंनी आयुष्यात एकही सुंदर फोटो काढला नव्हता. त्यांनी काढले ते छातीचे, पोटाचे, मोडलेल्या मनगटांचे. इस्पितळात येणारी माणसं एक्सरेला ‘फोटो’च म्हणतात, म्हणून एक्सरे काढणाऱ्या त्या फोटोबाई. एकतीस वर्षांत हे नाव असं चिकटलं की निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या कार्डावरही तेच लिहून आलं.

या कामाची एक खोड असते. एक्सरे बघायचा तो पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरून. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. एकतीस वर्षं माणसांकडे असं बघितल्यावर फोटोबाईंना रस्त्यावरचं डावं-उजवं कधी धड सांगता आलं नाही. टॅक्सीवाल्याला “उजवीकडे घ्या” म्हणत त्या डावीकडे हात करत. यजमान भूगोलाचे मास्तर. बायकोच्या या खोडीवर त्यांची जन्मभराची करमणूक झाली होती. “हिच्या भरवशावर जहाज सोडा, डोंगरावर चढवून ठेवील,” असं ते चारचौघांत सांगत, आणि फोटोबाईही हसत. मनापासून मात्र नाही.

घरातला तिसरा म्हणजे बोका. हा कुत्रा. पिल्लू असताना डोळे मिटून दूध प्यायचा, म्हणून मास्तरांनी हे नाव ठेवलं. अंगाने तांबूस, पुढचा उजवा पाय मनगटापर्यंत पांढरा, डाव्या कानाचं टोक तुटलेलं आणि शेपटीचा वेढा कायम डाव्या कुशीवर पडलेला. मुलगी आपल्या संसाराला लागल्यापासून फोटोबाईंच्या मनातलं जे काही असे ते बोकाच्या कानात पडे. मास्तरांच्या वाट्याला फक्त विचारणं-सांगणं येई. सात वर्षं हे असं चाललं होतं, आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

यंदा तिघांनी मिळून तीन दिवस समुद्रकाठच्या एका शहरात काढायचे ठरवले. कुत्र्याला आत घेणारी जागा मिळेपर्यंत मास्तरांच्या नाकी नऊ आले, पण मिळाली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, दोन खाटा, भिंतीतून ठकठक वाजणारा पाण्याचा नळ आणि बंदराकडे उघडणारी खिडकी. पहिला दिवस वाळूत आणि वाऱ्यात गेला. असा सुखाचा दिवस पुष्कळ वर्षांत आला नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मत्स्यालय बघायला गेले.

आत कुत्र्यांना बंदी होती, पण सोय चांगली होती. मत्स्यालयाला लागूनच एक बसकी, लांबट इमारत, आणि तिच्या रस्त्याकडच्या खिडकीत एक माणूस कुत्री ठेवून घेत होता. कुत्र्याच्या पट्ट्याला एक पितळी बिल्ला, त्याच आकड्याचा दुसरा मालकाच्या हातात. खांद्याची पिशवी सावरत फोटोबाईंनी खिडकीतून वाकून आत पाहिलं, तशी चष्म्याची साखळी त्यांच्या गालांवर लोंबली. पिंजऱ्यांच्या दोन रांगा, मधून अरुंद वाट, आणि वाटेच्या पार टोकाला अगदी अशीच दुसरी खिडकी. तिच्यात समुद्राचा एक चकचकीत तुकडा दिसत होता.

“ठेवाल त्याच खिडकीतून न्यायचा,” बिल्लेवाला वर न बघता म्हणाला. “पलीकडच्या खिडकीचं माझ्याकडे नाही.”

“दोन खिडक्यांना दोन साहेब वाटतं?” मास्तरांनी विचारलं.

बिल्लेवाल्याने वही पुढे सरकवली. फोटोबाईंनी सही केली. बोकाने त्यांचा हात चाटला आणि शहाण्यासारखा आत गेला.

मासे बघण्यात दोन तास गेले. मत्स्यालयातून बाहेर पडायचा दरवाजा निघाला समुद्राच्या बाजूला. फोटोबाईंचा गुडघा बोलायला लागला होता. त्या कठड्याजवळच्या बाकावर टेकल्या. कुत्र्यांची इमारत समोरच होती, समुद्राकडची खिडकी उघडी होती.

“तू बस, मी आणतो,” म्हणत मास्तर बिल्ला घेऊन गेले आणि त्या खिडकीतून पाच मिनिटांत बोकाला घेऊन आलेही.

“अहो, आपण त्या बाजूला ठेवला होता ना?”

“इमारत एकच, कुत्रा एकच. एवढा वळसा कशाला घालायचा? सही घेतली आणि दिला. माणूस दिसला नाही नीट, हात तेवढा बाहेर आला.”

बोका शेपूट हलवत जवळ आला. फोटोबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात त्यांनी नेहमीपेक्षा थोडा लवकर उचलला. का उचलला हे त्यांनाही तेव्हा सांगता आलं नसतं.

३

परत येताना साखळी तीनदा पायात अडकली. बोका कायम फोटोबाईंच्या डाव्या हाताला चाले. सात वर्षांत ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं आणि त्यांच्याही. आज तो पुन्हापुन्हा त्यांच्यापुढून आडवा जाऊन उजव्या हाताला येत होता. ओढून डावीकडे घेतला की दहा पावलं नीट चाले, मग पुन्हा पलीकडे.

खोलीवर आल्यावर तो पाणी प्यायला. मग खाटेखाली शिरून अंग मुडपून पडला. फोटोबाई पाय वर घेऊन त्याच्याकडे बघत बसल्या. पुढचा एक पाय खाटेबाहेर आला होता. तो तांबूस होता.

‘दुसरा पांढरा असेल,’ त्यांनी मनाशी म्हटलं. मग डोळे मिटून हिशेब केला. मी इकडे, तो माझ्याकडे तोंड करून, म्हणजे त्याचा उजवा माझ्या डाव्या बाजूला. पुन्हा डोळे उघडले. पांढरा पाय खाटेखाली होता, आणि कितीही वेळा हिशेब केला तरी तो डावाच येत होता.

“अहो, बोकाचा कुठला पाय पांढरा?”

मास्तर वर्तमानपत्रामागून म्हणाले, “पुढचा.”

“पुढचा कुठला?”

“आता डावं-उजवं तू मला विचारणार?” असं म्हणून मास्तर इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला.

फोटोबाईंनी फोनमधले जुने फोटो उघडले. तिथेही तोच घोळ. मास्तरांना फोटो काढायचे ते स्वतःसकट, आणि तो फोन असे फोटो कधी आरशासारखे उलटे ठेवी, कधी सरळ करी. एका फोटोत पांढरा पाय या बाजूला, दुसऱ्यात त्या. बोका मात्र सगळ्यांत सारखाच हसरा.

“आणि शेपूट?” त्या म्हणाल्या. “शेपूट बघा. डाव्या कुशीवर पडायचं.”

“कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.”

“वाकडंच असतं हो. पण वाकडं कुठल्या बाजूला?”

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं, काळजी होती, आणि ती कुत्र्याची नव्हती. फोटोबाईंना ते लगेच कळलं. त्यांनी विषय सोडला.

४

उजाडता उजाडता त्यांना खोकल्याने जाग आली. मास्तर घोरत होते. खोकला खाटेखालून येत होता. कोरडा, दबका, दोन ठसके आणि मग एक लांब श्वास. भिंतीतला नळ ठकठकला, थांबला. पुन्हा दोन ठसके.

बोका कधीच खोकला नव्हता. उन्हाळ्यात नाही, थंडीत नाही.

फोटोबाई उठल्या नाहीत. छताकडे बघत त्यांनी स्वतःची उलटतपासणी घेतली. थकवा असेल. वारं बाधलं असेल. साठी उलटली, बुद्धी नाठी म्हणतात, ती अशीच सुरू होत असेल. कुत्रा आपल्या हाकेला येतो, आपल्या हातचं खातो, आपल्या चपलेवर डोकं ठेवून झोपतो, आणि आपण त्याच्या पायांचा हिशेब मांडतो.

आणि मग ती जुनी गोष्ट, जी कधीच फार लांब नसे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एका छातीच्या फोटोवर बाजूचं अक्षर चुकीचं लावलं होतं. एक्सरे काढताना पेशंटच्या अंगाजवळ शिशाचं एक लहानसं अक्षर ठेवतात, उजव्या बाजूला ‘आर’ किंवा डाव्या बाजूला ‘एल’, म्हणजे फोटोत बाजू कळते. त्या दिवशी ते उलटं पडलं, आणि डॉक्टरांनी चांगल्या बाजूला सुई घातली. माणूस वाचला, पण त्याचे दोन महिने हाल झाले. चौकशीत फोटोबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या की मी बरोबरच लावलं होतं. त्यांना तसं खरोखर आठवत होतं. अगदी स्पष्ट आठवत होतं, आणि ते खोटं होतं.

त्या दिवसापासून आपल्या डोळ्यांवर त्यांनी पुरता भरवसा कधी ठेवला नाही. मास्तर जहाजाचा विनोद सांगत तेव्हा त्यांना तो माणूस दिसे.

खाटेखालून ते वर आलं आणि त्यांच्या उशाशी उभं राहिलं. ओलं नाक त्यांच्या मनगटाला लागलं. तुटक्या टोकाचा कान उजवा होता.

५

“खोकतोय, दाखवून आणते,” एवढंच सांगून त्या सकाळी निघाल्या. मास्तर बरोबर आले. त्यांना बायकोला एकटं सोडवेना.

जनावरांच्या डॉक्टरबाई तरुण आणि घाईच्या होत्या. छातीला नळी लावून त्यांनी कपाळाला आठी घातली. “फोटो काढू या. पण माझा मदतनीस आज नाही. धरायला कोणी लागेल.”

“मी धरते,” फोटोबाई म्हणाल्या. “माझं कामच होतं ते.”

मशीन लहान होतं, पण हातांना सगळं आठवलं. त्यांनी कुत्र्याला टेबलावर उताणं घेतलं, पाय ताणले. शिशाचं ‘आर’ उचललं. त्याचा उजवा पाय हातात धरला, पकडूनच ठेवला, आणि अक्षर त्या पायाशेजारी ठेवलं. मग पुन्हा तपासलं. मग तिसऱ्यांदा. कुत्रा त्यांच्याकडे बघत निमूट पडून होता. त्याला आपली भीती वाटत नाही याचंच त्यांना वाईट वाटलं.

पडद्यावर चित्र उमटलं.

“अक्षर उलटं पडलं वाटतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हृदयाचं टोक डावीकडे हवं, हे उजवीकडे आलंय.”

मास्तर हळूच खाकरले आणि जमिनीकडे बघायला लागले.

फोटोबाईंनी दोन वर्षांपूर्वी बोकाचा एक फोटो काढला होता. मास्तरांच्या सदऱ्याचं बटण त्याने गिळलं तेव्हा, इस्पितळाच्या मागच्या दाराने नेऊन, चोरून. बटणही दिसलं होतं आणि बोकाचं हृदयही, जिथे असावं तिथे. त्या टेबलाशी गेल्या आणि आधी डावा, मग उजवा असा तळहात त्यांनी कुत्र्याच्या बरगड्यांवर ठेवला. डावीकडे काहीतरी लांबून आल्यासारखं लागलं. उजवीकडे धडधड होती, तळहाताखाली, दाट.

“अक्षर बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनीही हात लावून पाहिला. “अरेच्चा, खरंच. जन्मतःच असेल. हजारांत एखादं असं निघतं. पण काकू, मला काळजी त्याची नाही.” त्यांचं बोट पडद्यावर सरकलं. फुप्फुसात एक पांढरट डाग होता, लिंबाएवढा, कडा फाटलेल्या. “हे चांगलं नाही. तीन महिने म्हणा. फार तर चार.”

मास्तरांच्या तोंडून “अरे देवा” निघालं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि ते चपापले, कारण तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं होतं. फोटोबाईंनी पदर तोंडाशी धरला. डाग बघताच त्यांच्या मनात पहिलं जे आलं ते एवढंच, की हे बोकाचं नाही. बोका धडधाकट आहे. टेबलावरचा जीव त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्यांना त्याची दया आली ती त्यानंतर. चांगल्या दोन श्वासांनंतर.

६

“माझा कुत्रा त्या इमारतीत राहिलाय,” बाहेर आल्यावर त्या मास्तरांना म्हणाल्या. “हा माझा नाही. वेड लागलंय म्हणायचं तर म्हणा, पण चला.”

मास्तरांनीही मघाशी, डॉक्टरबाईंची पाठ वळल्यावर, बरगड्यांना हात लावून पाहिला होता.

रस्त्याकडची खिडकी उघडी होती. बिल्लेवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडली. “या खिडकीतून तुमचा कुत्रा अजून गेलाच नाही. सही नाही.”

“मग आहे कुठे?”

“आत नाही.” त्याने मास्तरांकडे पाहिलं. “पलीकडून नेलात ना? तिकडून एक गेला की इकडचा तिकडे जातो. दुसऱ्या कोणाचा तरी आला असेल तुमच्याकडे, तुमचा गेला असेल त्यांच्याकडे. त्यांनी परत आणला तर होईल अदलाबदल.”

“कोणी? कोण आहेत ते?”

“तिकडचं माझ्याकडे नाही,” तो म्हणाला, आणि त्याने वही मिटली.

फोटोबाई खिडकीला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. दुपार टळत होती. पिंजऱ्यांमध्ये एक-दोन कुत्री झोपली होती. पार टोकाच्या खिडकीत समुद्र इतका चकाकत होता की डोळ्यांना पाणी यावं.

मग त्या उजेडात एक बाई आली.

नुसती आकृती, कमरेपासून वर. खांद्याला पिशवी, चष्म्याची साखळी गालांवर लोंबणारी. ती खिडकीबाहेर उभी राहून आत बघत होती, फोटोबाई बघत होत्या तशीच, दोन्ही हातांनी चौकट धरून. तिच्या शेजारी काहीतरी उडी मारून वर आलं आणि पुढचे दोन पाय खिडकीवर टेकून उभं राहिलं. एक पाय पांढरा होता. समोरासमोर तोंड, त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. या वेळी फोटोबाईंना हिशेब करावा लागला नाही.

“बोका!”

बोकाचे कान उभे राहिले. तो भुंकला, त्याचा तोच फाटका, आनंदी आवाज. इकडे फोटोबाईंच्या पायाशी दुसरा ताडकन उठला, धापा टाकत खिडकीवर चढला आणि त्या बाईकडे बघून जिवाच्या आकांताने केकाटला. शेपूट नुसतं थरथरत होतं. इतकं प्रेम त्याने दोन दिवसांत त्यांच्यावर एकदाही केलं नव्हतं.

“अहो बाई! इकडे! तुमचा माझ्याकडे आहे!”

ती बाई ऐकत होती. ऐकत होती याबद्दल फोटोबाईंना तिळमात्र शंका नव्हती, कारण तिने मान वर केली. केकाटणाऱ्या कुत्र्याकडे एकदा पाहिलं. तो मध्येच खोकला, दोन ठसके आणि एक लांब श्वास. ते ऐकताच तिचे हात चौकटीवरून सुटले. तिने साखळीला हिसका देऊन बोकाला खाली ओढलं आणि ती खिडकीतून नाहीशी झाली. दगडी फरशीवर तिच्या चपला वाजल्या. आधी चालताना, मग भराभर.

बोकाचं भुंकणं थोडा वेळ ऐकू येत होतं. मग लाटांचा आवाज तेवढा राहिला.

७

मास्तर इमारतीला वळसा घालून धावले. परत आले तेव्हा त्यांच्या छातीचा भाता झाला होता. “कोणी नाही तिकडे. कठड्यापर्यंत सगळं मोकळं. खिडकीतून आत बघितलं तर तू दिसलीस. मी हात केला, तर तू तोंड फिरवलंस.”

“मी तुम्हाला पाहिलंच नाही,” फोटोबाई म्हणाल्या.

कुत्रा अजून खिडकीवरच होता. त्याचं केकाटणं थांबलं होतं. तो रिकाम्या उजेडाकडे बघत होता आणि मधूनमधून त्याच्या घशातून एक बारीक आवाज येत होता.

फोटोबाईंना त्या बाईचा राग यायला हवा होता. त्या वाट बघत होत्या राग येण्याची. तो आला असता तर बरं झालं असतं, पण त्यांना ती बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत समजत होती. तिला तो डाग ठाऊक होता. घरीच ठाऊक झाला असणार, मागच्या दाराने नेऊन, चोरून. मग इथे आली आणि हातात पडला एक न खोकणारा. पाय उलटा, कान उलटा, पण तीन महिन्यांनी न मरणारा. कोणाला सांगायला गेली असती ती? आणि का?

“बंद करायची वेळ झाली,” बिल्लेवाला म्हणाला. त्याने एक पितळी बिल्ला काढून खिडकीवर ठेवला. “हा तुमचा नाही ना? मग ठेवून जा. आठवडाभर आम्ही ठेवतो. कोणी नाही आलं तर पुढचं आम्ही बघतो, तुम्हाला त्रास नाही.”

मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, “अगं, आपली गाडी सहाची आहे. आणि आपण तरी काय करणार याचं?”

फोटोबाईंनी बिल्ल्याकडे पाहिलं. मग कुत्र्याच्या पोटाखाली दोन्ही हात घालून त्याला खिडकीवरून उचलून आपल्याकडे वळवलं. त्याचं हृदय त्यांच्या हृदयाला समोरासमोर लागलं. त्याने सुटायला जोर केला, मान पलीकडच्या खिडकीकडे वळवली आणि त्यांना ओरबाडलं. त्यांनी सोडलं नाही.

“माझाच आहे हा,” त्या म्हणाल्या.

“मघापासून तर नाही म्हणत होतात,” बिल्लेवाला म्हणाला.

“आत्ता याला टाकून पळाली ती बाई बघितलीत ना?” फोटोबाई म्हणाल्या. “ती मीच.”

बिल्लेवाल्याने बिल्ला उचलला आणि वहीत सहीची जागा दाखवली.